आधी सेंटर स्पीकर ऐका

आईला हल्ली जरा कमी ऐकू येतं. सिनेमा बघताना सारखं विचारायची, "काय म्हणाला रे तो?" आवाज वाढवला की धमाक्यांनी कानठळ्या बसायच्या, संवाद मात्र दबलेलेच. म्हणून ५.१ संच (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) निवडताना मी सुरुवात केली ती सेंटर स्पीकरपासून, म्हणजे पडद्यापाशी मधोमध ठेवतात त्यापासून. बहुतेक संवाद तिथूनच येतात.

ऐकून बघताना मारामारीचे प्रसंग लावलेच नाहीत. कुजबुजीचा एकच प्रसंग पुन्हा पुन्हा लावला, तोही मधोमध न बसता कडेला बसून, कारण सोफ्यावर आईची जागा कडेची आहे. पहिला सेंटर समोरून सुरेख वाटला, पण कडेला सरकताच आवाज पोकळ झाला. त्यात ट्वीटरच्या, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरच्या, दोन्ही बाजूंना खालच्या स्वरांचा एकेक वूफर होता. कडेला बसलं की दोघांचा आवाज कानाशी किंचित मागेपुढे पोचतो आणि काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. दुसऱ्यात ट्वीटरच्या खाली मधल्या स्वरांसाठी वेगळा मिडरेंज होता. तिथे कडेलाही शब्द न् शब्द कळला. तोच घेतला.

डावा-उजवा त्याच मालिकेतले, नाहीतर पडद्यावर माणूस चालत गेला की त्याचा आवाजच बदलतो. मागचे दोन लहानच घेतले, कानाच्या पातळीपेक्षा थोडे उंच लावले. ८० हर्ट्झखालचा सगळा खर्ज सबवूफरकडे.

काल आईने अख्खा सिनेमा बघितला. मधे फक्त एकदा बोलली, "पंखा कमी कर."