वैशाखातल्या कादंबऱ्या

कोकण किनाऱ्यावर मे महिन्यात पारा फार चढत नाही, तेहतीस-चौतीसच्या आसपास राहतो. छळतो तो घाम. हवा इतकी दमट की तो अंगावर वाळतच नाही, आणि मनगटाखालचं पान भिजून वळतं. म्हणून या दिवसांत कादंबरी विषयाइतकीच वेळ बघून घ्यावी.

नुकतीच संपली ती श्री. ना. पेंडशांची 'रथचक्र' (१९६२). नायिकेचा नवरा संन्यासी होऊन निघून गेलेला, भरल्या घरात तिला किंमत नाही, आणि मुलांनी शिकावं म्हणून ती घराबाहेर पडते. ही पहाटेची कादंबरी. साडेपाच ते आठ वारा जमिनीकडून असतो, डोकं थंड असतं, आणि हिच्यात डोकं थंड लागतंच. पेंगत वाचली तर नुसती रडकथा वाटेल, आणि ती तशी अजिबात नाही.

सध्या हातात त्यांचीच 'तुंबाडचे खोत' (१९८७) आहे. जगबुडी नदीच्या काठचं खोतांचं घराणं, चार पिढ्या, दोन जाडजूड खंड. नावांचा गोंधळ होतोच. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर वंशावळ काढत जावी आणि तीच खूण म्हणून पानात ठेवावी. लिहायचं पेन्सिलीने, जेल पेनाची शाई ओल्या बोटांनी फुटते. रोज ४० पानं वाचली तर १ मे ते मृग एवढ्यात दोन्ही खंड हातावेगळे होतात. आडवं पडून मात्र वाचू नयेत. छातीवर वजन येतं, पुठ्ठ्याला घाम लागतो आणि कडेचं कापड सुटतं. पाटावर किंवा मेजावर ठेवून, मनगटाखाली जुना सुती पंचा घ्यावा.

जेवणानंतर दोन-अडीचला मोठं काही झेपत नाही. तेव्हा विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) बरी: लहानशी, युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेल्या बोटीवरची, आणि झोप उडवणारी. खानोलकरांची 'रात्र काळी घागर काळी' दुपारी उघडूच नये. तिला रात्रच हवी, वीज गेलेली असेल तर उत्तम. बॅटरीचा दिवा पिवळ्या उजेडाचा घ्यावा; पांढऱ्यावर पाखरं जास्त जमतात आणि मिटताना पानांत चिरडतात.

पुढे लावलेली आहे सदानंद देशमुखांची 'बारोमास', विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची. पाऊस आज येईल की उद्या अशा तगमगीत ती अधिक लागते असं आपलं माझं मत. गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' पाऊस लागल्यावर.

आता पुस्तकाच्या जिवाचं. नुसत्या गोंदाने चिकटवलेली प्रत उन्हात लावलेल्या गाडीत ठेवली की गोंद मऊ पडतो, आणि तशीच उघडली तर मधली पानं गठ्ठ्याने हातात येतात. दोऱ्याने शिवलेली प्रत मिळत असेल तर चार पैसे जास्त मोजावेत. फणसाचा चीक खोबरेल लावल्याशिवाय बोटांवरून जात नाही, पण तेलाचा डाग कागदावरून कधीच जात नाही. तेव्हा तेलानंतर साबण, आणि मगच कादंबरी.

मृगाआधी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं. जांभ्याची भिंत पावसात पाणी ओढते आणि मागच्या रांगेला आधी बुरशी धरते. कोरड्या दिवशी दुपारी, समुद्राकडच्या खिडक्या लावून, पुस्तकं सावलीत उभी आणि किंचित पसरून ठेवावीत. थेट ऊन नको, कागद पिवळा होऊन तडकतो. कपाटात भरताना पुस्तकं दाबून बसवू नयेत, मधून वारा फिरला पाहिजे. कडुलिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला. ओलसर पाल्यानेच बुरशी येते.

कसर लागलेली प्रत दिसली तर आधी बाकीच्यांपासून वेगळी काढावी. कोरडी असल्याची खात्री करून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधावी आणि आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडायची नाही, गार कागदावर दव धरतं. एक दिवस तशीच बांधलेली राहू द्यावी, मग उघडून मऊ ब्रशने शिवणीतली घाण झाडावी.