महिला मंडळ

आई ओट्याशी कणीक मळत होती. खिडकीतून बाहेर बघत एकदम म्हणाली, "अगं, लांडोरी आल्यात बघ बर्फात!"

मागच्या अंगणात फीडरखाली अकरा रानटर्की होत्या. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये हे नवल नाही, पण आईचा इथला पहिलाच हिवाळा.

फीडर मी टांगलाय चिकडी, कार्डिनल असल्या मूठभर जिवांसाठी. टर्कीचं धूड त्यावर मावणार कसं? पण खारी आणि छोटे पक्षी सूर्यफुलाच्या बिया खातात थोड्या, सांडतात फार. त्या सांडलवंडीवर यांचं चालतं. पायाने दोनदा बर्फ उकरायचा, एक पाऊल मागे सरायचं, मान वाकडी करून बघायचं. मंडईत वांगी निवडावीत तसं. हिवाळ्यात माद्यांचा थवा निराळा, नरांचा निराळा, असं मी सांगितलं आणि आईने लगेच नाव ठेवलं, 'महिला मंडळ'. त्यातली एक सगळ्यांना टोचून बाजूला सारते. "ही अध्यक्ष."

लांडोरीची चूक मी दुरुस्त करणार होते, पण मग जहांगीर आठवला. 1612 मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून त्याच्याकडे एक टर्की आणली, तेव्हा बादशहानेही हेच लिहिलं: लांडोरीहून मोठा, मोराहून लहान, आणि डोक्या-मानेचा रंग सरड्यासारखा बदलणारा. उस्ताद मन्सूरने त्याचं चित्रही काढलं. आई बादशहाच्या पंक्तीला बसली म्हणायचं!

बाकी या पक्ष्याच्या नावाचा घोळ जगभर आहे. मूळ अमेरिकेचा, पण इंग्रज त्याला तुर्कस्तानचा करतो, तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतो आणि पोर्तुगीज 'पेरू'. म्हणजे ज्या गोव्यातून तो मुघल दरबारी निघाला, तिथे पोर्तुगिजांच्या तोंडी तो पेरूच असणार. आपण ते नाव फळाला दिलं आणि मोकळे झालो.

खुद्द इथून तर तो नाहीसाच झाला होता. जंगलं तुटली, बंदुका चालल्या, आणि 1851 मध्ये माउंट टॉमवर राज्यातली शेवटची रानटर्की मारली गेली. मग 1972-73 मध्ये न्यूयॉर्कमधून 37 पक्षी आणून बर्कशायरच्या डोंगरात सोडले. आज राज्यात तीस हजारांच्या आसपास आहेत. रस्ता अडवून उभ्या राहतात, हॉर्नला भीक घालत नाहीत.

म्हणूनच त्यांना खायला घालू नका, असं इथलं वन्यजीव खातं सांगतं. सोकावतात. मी मुकाट्याने फीडर काढून ठेवला. पाचव्या दिवशी तो पुन्हा जागेवर लटकत होता. आईने विषय काढला नाही, मीही नाही.

साडेचारलाच अंधारून येतं. मंडळ कुंपणापलीकडच्या ओकखाली जमतं. मग एकेक जण वर बघत बराच वेळ विचार करते आणि धाडकन उडून फांदीवर आदळते. एवढ्या जड पक्ष्याने रात्री झाडावर झोपावं, हे आईला अजून पटलेलं नाही. ती खिडकीशी उभी राहून मोजते. काल दहा चढल्या आणि एक खालीच घुटमळत राहिली.

"चहा गार होतोय," मी म्हटलं.

"थांब गं. अध्यक्ष राहिल्यात."