तुम्ही विचारलंत म्हणून: पोलीस मागे लागले नसते तर?

फौजदारी वकिली करते म्हटलं की लग्नात, ट्रेनमध्ये, कुठेही हा प्रश्न येतोच, की मॅडम, नाकाबंदीला पोरगा थांबला नाही, पोलीस मागे लागले, घाबरून त्याने गाडी सुसाट काढली आणि कोणीतरी चिरडलं गेलं, पण पोलीस मागे लागलेच नसते तर हे झालं असतं का?

नसतं झालं. पण गाडी तो चालवत होता आणि थांबणं शेवटपर्यंत त्याच्या हातात होतं. मला त्रास ह्याचा होतो की विचारणाऱ्याला सगळी काळजी गाडीतल्या पोराची असते, जो मेला त्याचं नावही कोणी घेत नाही.

कोर्टात खरी मारामारी कलमावरून होते. भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम 106(1) म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, 5 वर्षांपर्यंत शिक्षा, जामीन हक्काने मिळतो (जुन्या दंड संहितेच्या कलम 304 अ ला तर 2 च वर्षं होती). कलम 105 म्हणजे सदोष मनुष्यवध, त्यात इरादा नसला तरी 10 वर्षांपर्यंत, अजामीनपात्र, खटला सेशन्स कोर्टात. फरक कशाने पडतो तर असं चालवलं तर माणूस मरू शकतो हे त्याला माहीत होतं का, ह्याने. वांद्र्याच्या कार्टर रोडची 2006 ची केस आठवत असेल, फुटपाथवर झोपलेले 7 मजूर गेले. सेशन्सने निष्काळजीपणा धरून 6 महिने दिले, हायकोर्टाने सदोष मनुष्यवध धरून 3 वर्षं केली आणि सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये ती कायम ठेवली. तिथे पाठलाग नव्हता, दारू होती, पण कसोटी हीच.

पळणाऱ्याच्या केसमध्ये म्हणून मी आधी पंचनामा आणि सीसीटीव्ही बघते. ब्रेकचे डाग आहेत का, असले तर धडकेच्या आधीचे की नंतरचे, रॉंग साइडने किती अंतर गेला, सिग्नल लाल होता का, शाळा सुटायची वेळ होती का. आणि बाजूला बसलेला मित्र. "मी हळू घे म्हणत होतो, तो म्हणाला पकडतील", हे वाक्य मित्र कोर्टात शपथेवर बोलला की मला काही अ‍ॅक्सिडेंट होता म्हणून लढता येत नाही (पोलिसांपुढच्या जबाबात नुसतं असून भागत नाही, साक्षीत यावं लागतं).

आणि पळतात कशासाठी, तर लायसन्स नाही, ज्याचा दंड 5,000 रुपये आहे.

पोलिसांना प्रश्न विचारूच नये असं मी अजिबात म्हणत नाही. नंबर प्लेट दिसली असेल तर भर बाजारातून पाठलाग कशाला, रात्री घरी जाऊन उचलता येतं की. ती चूक असेल तर त्यांच्या नावावर लागेल, पण त्यामुळे चालवणाऱ्याची पुसली जात नाही.

ट्रकवाल्यांचा संप झाला ते 10 वर्षांचं कलम हेच ना, असंही विचारतात. नाही, ते 106(2), धडक देऊन न कळवता पळून जाणाऱ्यांसाठीचं, आणि 1 जुलै 2024 ला बाकी कायदा लागू झाला तेव्हा ते बाजूलाच ठेवलं.

बाजूच्या सीटवरच्याचं काय? नुसतं बसलाय म्हणून गुन्हा होत नाही. पण "पळव, थांबू नको" म्हणून त्यानेच चिथावलं असेल तर त्यालाही आरोपी करता येतं.