नव्याने बांधलेल्या इंजिनासाठी रॉकर निवडताना

आमच्या घरच्या अ‍ॅम्बॅसेडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन यंदा पूर्ण उघडले. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, नवे पिस्टन, नवे व्हॉल्व्ह आणि त्यांचे गाइड या सगळ्या खर्चाबद्दल मिस्त्रीशी फारशी चर्चा करावी लागली नाही. फिरत्या कॅमची उचल घेऊन व्हॉल्व्ह उघडणाऱ्या छोट्या तरफांपाशी, म्हणजे रॉकर आर्मपाशी, मात्र चर्चा अडली. "हे पुसून लावून देऊ साहेब, टॅपेट सेट केले की आवाज जाते," असे त्यांचे म्हणणे होते (टॅपेट सेट करणे म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली बारीक फट ठरवणे). बहुतेक गॅरेजमध्ये हेच ऐकायला मिळते आणि बहुतेक गाड्यांत हेच होते. माझे मत मात्र असे आहे की या इंजिनात रॉकरचा निर्णय हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) बसवण्यापूर्वीच आणि पूर्ण विचारानेच व्हायला हवा.

त्याचे कारण इंजिनाच्या रचनेतच आहे. ब्रिटनच्या बीएमसी कंपनीच्या बी मालिकेतल्या या इंजिनात रॉकर शाफ्टच्या, म्हणजे रॉकर ज्यावर डोलतात त्या दांड्याच्या, स्टँडचे चार नट हेच हेडचेही नट असतात. नंतर कधी रॉकर काढायचे ठरले, तर केवळ ते चार नट सोडून चालत नाही. हेडवर एकाच बाजूने ताण येऊन ते वाकू नये आणि पाणी झिरपू नये म्हणून रेडिएटर रिकामा करून हेडचे उरलेले नटही क्रमाने सैल करावे लागतात. सैल झालेले जुने गास्केट पुन्हा तसेच धरेल याची खात्री कोणीच देत नाही. म्हणजे दुसऱ्या गाडीत तासाभरात होणारे काम इथे हेडचेच काम होऊन बसते.

जुना रॉकर पाहताना पहिली नजर त्याच्या टोकावर जावी. व्हॉल्व्हच्या दांड्यावर जिथे रॉकर टेकतो, तिथे वर्षानुवर्षांच्या घासण्याने दांड्याच्या रुंदीएवढी एक उथळ खोबण पडते. डोळ्यांना ती फक्त चकचकीत गोल डागासारखी दिसते, पण नख आडवे फिरवले की कडेला अडते. टॅपेटचा आवाज का जात नाही याचे उत्तर पुष्कळदा त्या खोबणीतच असते. फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, पट्टी सपाट असल्यामुळे ती खोबणीच्या दोन कडांवर टेकते, तळापर्यंत पोहोचत नाही. आम्ही थंड इंजिनावर १५ थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३८ मिमीची फट ठेवतो. खोबण ८ थाऊ खोल असेल, तर पट्टी १५ दाखवते आणि खरी फट २३ असते. मिस्त्री कितीही कुशल असला तरी अशा रॉकरवर त्याची सेटिंग चुकणारच, आणि तो दोष त्याच्या हाताचा नसतो. तोच खोबणीचा रॉकर नव्या व्हॉल्व्हवर बसवला, तर नव्या दांड्याचे टोकही लवकरच झिजू लागते.

टोक घासून सपाट करून घेता येते, परंतु केस हार्डनिंगचा, म्हणजे वरून कडक केलेल्या धातूचा, थर पातळ असतो. तो ओलांडला की आतला मऊ धातू उघडा पडतो आणि रॉकर आधीपेक्षा वेगाने झिजतो. उथळ डाग असेल तरच ग्राइंडिंगचा विचार करावा. नखाला स्पष्ट अडणारी खोबण असेल, तर तो रॉकर बाजूला काढावा.

दुसरी तपासणी बुश (रॉकरच्या भोकातली नळी) आणि शाफ्टची. पुशरॉड (कॅमची उचल रॉकरपर्यंत नेणारी सळई) रॉकरचे एक टोक वर रेटते, व्हॉल्व्हची स्प्रिंग दुसरे टोक वर रेटते, त्यामुळे सगळा भार शाफ्टच्या खालच्या अंगावर येतो आणि झीजही तिथेच होते. वरून शाफ्ट आरशासारखा दिसत असला तरी तो उलटा करून पाहावा. ५/८ इंचाच्या या शाफ्टच्या खालच्या बाजूस पायरी लागत असेल, तर त्यावर नवे बुश बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. शाफ्ट आणि बुश दोन्ही सोबतच बदलावेत. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि गर्दीत इंजिन रेंगाळत राहते, तेव्हा तेल पातळ झालेले असते. ते ढिल्या बुशांतून वाटेतच गळून जाते आणि शाफ्टच्या दूरच्या टोकाच्या रॉकरपर्यंत पुरेसे पोहोचत नाही.

बुश बदलण्याचे काम हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या चांगल्या मशीन शॉपमध्ये नीट होऊ शकते. मात्र सांगताना स्पष्ट सांगावे लागते: बुशचा जोड वरच्या बाजूस यावा, बुश दाबून बसवल्यावर तेलाचे भोक रॉकरच्या भोकाच्या रेषेत पाडावे आणि शेवटी रीमर (भोक मापाला आणणारे हत्यार) फिरवूनच माप आणावे. एमरी पेपरने घासून माप आणणारा कारागीर नम्रपणे टाळावा. परत घेताना तेलाच्या भोकात बारीक तार घालून पाहणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण भोक न पाडलेला बुश बाहेरून अगदी सुबक दिसतो.

आता नवे रॉकर. अ‍ॅम्बॅसेडर बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद झाला, त्यामुळे बाजारात जुन्या साठ्यातला माल आणि नंतर बनलेला माल असे दोन्ही मिळतात. खोक्यावरच्या छपाईवरून फारसे काही ठरवता येत नाही. दुकानातच टोकाच्या कडेवर बारीक दातांची कानस हलकेच फिरवून पाहावी. धातू कडक असेल तर कानस घसरते, मऊ असेल तर धरते. बॉल एंड असलेला अ‍ॅडजस्टिंग स्क्रू हाताने संपूर्ण फिरवावा, तो कुठेही डगमगता कामा नये. सगळे रॉकर एका शाफ्टवर ओवून त्यांची टोके एका रेषेत येतात का, हेही पाहावे. ही तपासणी करू न देणाऱ्या दुकानातून मी माल घेत नाही.

रोलर टिपचे (टोकाला छोटे चाक असलेले) आणि जास्त रेशोचे रॉकर मागवावेत का, असे काही मित्रांनी विचारले. या इंजिनाचा मूळ रेशो, म्हणजे कॅमच्या उचलीच्या किती पट व्हॉल्व्ह उघडतो ते प्रमाण, सुमारे १.४३ आहे. कॅमने ६ मिमी उचलले तर व्हॉल्व्ह साधारण साडेआठ मिमी उघडतो. १.५५ रेशोचा रॉकर लावला तर तोच व्हॉल्व्ह ९.३ मिमी उघडेल. मग स्प्रिंगच्या वेटोळ्या एकमेकींना भिडतात का, वरची टोपी गाइडला लागते का, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये अंतर उरते का, हे सारे नव्याने मोजावे लागेल. शर्यतीच्या इंजिनासाठी हे कष्ट योग्य आहेत. अमरावती रोडवर कुटुंबाला घेऊन जाणाऱ्या गाडीला मूळ रेशोचा, मूळ धाटणीचा पोलादी रॉकरच शोभतो, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे रॉकरचा कोन. हेडला फेसिंग मारले, म्हणजे त्याची खालची बाजू घासून सपाट केली, की रॉकर शाफ्ट कॅमच्या जवळ येतो आणि पुशरॉड जणू लांब होते. व्हॉल्व्ह बसण्याच्या जागा, म्हणजे सीट, कापल्या की व्हॉल्व्ह आत बसतो आणि त्याचे टोक वर येते. दोन्ही कामांमुळे स्क्रू वरच घ्यावा लागतो. कॅम ग्राइंड केलेला असेल तर परिणाम उलटा होतो. म्हणून व्हॉल्व्हच्या टोकांवर मार्किंग ब्ल्यू (ठसा उमटवणारा निळा रंग) लावून इंजिन हाताने फिरवावे आणि ठसा पाहावा. तो अरुंद आणि मधोमध हवा. ठसा कडेला सरकत असेल, तर रॉकर दांड्याला आडवा ढकलतो आहे, नवे गाइड त्यामुळे लवकर ढिले होतील आणि धूर सुरू होईल. आमच्या हेडवर ठसा कडेला येत होता. स्टँडखाली पातळ शिम (पत्र्याची चकती) घातल्यावर तो मध्ये आला. ज्या स्टँडमधून तेल वर येते, त्याच्या शिमला भोक असणे अत्यावश्यक आहे, अन्यथा संपूर्ण शाफ्ट कोरडा राहतो.

शेवटी आम्ही जुन्या साठ्यातले रॉकर, नवा शाफ्ट आणि नवे बुश असा संच बसवला. सेटिंगसाठी नऊची बेरीज वापरली: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना पहिला सेट करायचा, सातवा उघडा असताना दुसरा, याच क्रमाने पुढे. स्टार्टर मारण्यापूर्वी प्लग काढून इंजिन फिरवले आणि आठही रॉकरपाशी तेल आलेले पाहिल्यावरच झाकण लावले. हेड बसून घेईल तशी फट बदलते, म्हणून पहिल्या ५०० किलोमीटरनंतर नट पुन्हा कसून टॅपेट पुन्हा तपासायचे आहेत.