खिडकीजवळ न बसणारी आई

बाळाला दीड महिन्याची लस द्यायला आलेली ती आई खिडकीजवळच्या खुर्चीत काही केल्या बसेना. बाळ नवऱ्याच्या खांद्यावर, ती दाराजवळ उभी. बाळाचं वजन छान वाढलं होतं. नवरा म्हणाला, "बाळाचं सगळं ठीक आहे, हीच झोपत नाही. बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही." तान्ह्या बाळाची आई दमलेली असणारच, पण झोपायला मिळूनही झोप येत नसेल तर मी तिला तशीच घरी जाऊ देत नाही.

आमच्याकडे प्रत्येक बाळंतिणीला एडिंबरा प्रश्नावली देतात, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठी. ती १९८७ची आहे. गेल्या ७ दिवसांबद्दल १० प्रश्न, एकूण गुण ३०. तेरा किंवा त्याहून जास्त आले की नैराश्याची शंका घ्यायची. तिचे १७ आले. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. कागदावर काहीही लिहिलेलं असो, तो मी तोंडी विचारतेच. "नाही," ती म्हणाली. मग मी विचारलं, "आणि बाळाबद्दल नको ते विचार येतात का?"

ती रडायलाच लागली. "सिस्टर, खिडकीपाशी गेलं की वाटतं, माझ्याच हातून हा खाली टाकला जाईल. म्हणून मी त्याला घेतच नाही. हे सांगितलं तर तुम्ही बाळ काढून घ्याल ना?"

या भीतीपोटी किती जणी गप्प राहत असतील! कानात आवाज येतात का, बाळ आपलं नाहीच असं वाटतं का, हे मी नीट विचारून घेतलं. तसं असतं तर क्षणभरही थांबून चाललं नसतं. प्रसूतीनंतरचा तो तीव्र मनोविकार हजारात एखाद-दुसरीलाच होतो, पण त्यात तातडीने दाखल करावं लागतं. हिचं तसं काहीच नव्हतं. तो विचार तिला स्वतःलाच भयंकर वाटत होता, त्याच्यापासून बाळाला वाचवायला ती धडपडत होती. असे नकोसे विचार खूप आयांच्या मनात येतात, हे ऐकून ती माझ्याकडे बघतच राहिली.

आणि नवरा खुर्चीत मटकन बसला. "मला वाटायचं, हिला बाळ नकोसं झालंय."

त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांनी तिला तपासलं. समुपदेशन आणि सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध सुरू झालं. ते दुधात फारच थोडं उतरतं, त्यामुळे अंगावरचं पाजणं थांबवावं लागलं नाही. रात्रीचं एक दूध नवऱ्याने वाटीचमच्याने पाजायचं, म्हणजे तिला सलग झोप मिळेल, असं ठरलं.

तोही नीट झोपत नव्हता, कामावर चुका होत होत्या. साधारण दहा बापांमागे एकाला या काळात नैराश्य येतं. मी त्यालाही प्रश्नावली दिली, १२ गुण आले. पुरुषांच्या बाबतीत एवढे गुणही दुर्लक्ष करण्यासारखे नसतात, म्हणून त्यालाही तज्ज्ञांकडे पाठवलं. पण आमच्या नोंदवहीत वडिलांसाठी रकानाच नव्हता. तो मी पेनाने आखला, आणि पुढच्या छपाईत घ्यावा असं वरिष्ठांना लेखी दिलं आहे. उत्तर अजून यायचंय. तोवर प्रत्येक पानावर मी तो हातानेच आखते.