मंगळाची कक्षा मापात काढून पाहिली

ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात हे शाळेपासून पाठ असतं, आणि सोबतची आकृती बहुतेक वेळा अंड्यासारखी लांबुडकी असते. खरी कक्षा कशी दिसते ते मला स्वतः काढून बघायचं होतं. १ सेंमी म्हणजे १ कोटी किमी असं प्रमाण धरलं आणि मंगळ निवडला.

मंगळाचं सूर्यापासून सरासरी अंतर २२.८ कोटी किमी, कक्षेची उत्केंद्रता (ती वर्तुळापासून किती वेगळी आहे त्याचं माप) ०.०९३४. त्यावरून दोन नाभींमधलं (लंबवर्तुळाच्या आत, मध्याच्या दोन बाजूंना असणारे दोन ठरावीक बिंदू) अंतर आलं जवळपास ४.३ सेंमी. मोठ्या कार्डशीटखाली थर्माकोल ठेवून तेवढ्या अंतरावर दोन टाचण्या रोवल्या. एक टाचणी म्हणजे सूर्य. दुसरीच्या जागी आकाशात काहीच नसतं. शिवणाचा दोरा ताणला की लांबतो, म्हणून तंगूस घेतली. तिचा फास नेमक्या मापाचा बांधणं हे सगळ्यात चिकाटीचं काम. फळीवर २४.९ सेंमी अंतराने दोन खिळे ठोकले आणि त्यांना वेढा देऊन गाठ मारली. (मंगळ सूर्यापासून जास्तीत जास्त २४.९ कोटी किमी लांब जातो. फासाचं माप तिथूनच येतं.)

फास टाचण्यांवर चढवला, पेन्सिलने ताणून धरत एक फेरी पूर्ण केली. उमटलं ते डोळ्यांना चक्क वर्तुळ! पट्टी लावली: लांबी ४५.६ सेंमी, रुंदी ४५.४. कक्षेचं चपटेपण नजरेला कळतच नाही. सूर्य मध्यापासून दोन सेंमीहून जास्त सरकलाय हे मात्र लांबूनही दिसतं.

ग्रहांची कक्षा लंबवर्तुळ असते हे शोधणाऱ्या केप्लरबद्दलचा माझा आदर त्या दोन मिलिमीटरांनी फार वाढवला. सूर्य बाजूला ठेवून त्यानेही आधी वर्तुळच धरलं होतं. खगोल निरीक्षक टायको ब्राहेच्या नोंदींशी त्यात ८ कलांचा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडत होता, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम पाव. तेवढ्यासाठी त्याने केलेली सगळी मेहनत मोडीत काढली आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ जगापुढे ठेवलं.

मग त्याच सूर्याभोवती पृथ्वीची कक्षा काढली. दोघांची उपसूर्य टोकं (कक्षेतले सूर्याला सगळ्यात जवळचे बिंदू) एका दिशेला नाहीत, त्यांच्यात सुमारे १२७ अंशांचा कोन आहे. तो कोनमापकाने जपून घेतला. दोन कक्षांमधली फट एका बाजूला साडेपाच सेंमी, समोरच्या बाजूला दहा. ऑगस्ट २००३ मध्ये मंगळ ५.५८ कोटी किमीवर आला होता आणि मार्च २०१२ मध्ये १०.०८ कोटींपेक्षा जवळ आला नाही, ते या फटीमुळेच. फेब्रुवारी २०२७ ची भेटही लांबच्या बाजूची आहे. अरुंद बाजूची संधी येईल सप्टेंबर २०३५ मध्ये.