किगालीत तीन वाजता म्हणजे नक्की किती वाजता?

रवांडाची राजधानी किगाली. इथे मोटोवाला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, आधी हातात हेल्मेट देतो, मगच गाडी हलवतो. मी पुण्याचा. मुकाट्याने पट्टा लावला.

किमिरोंकोच्या बाजारामागे चढावर एक साधं सभागृह आहे. माझी मावसबहीण संध्याकाळी तिथे इंग्रजी शिकवते. फी नाही, येणारे सगळे विशी-पंचविशीतले. "उगाच कौतुक करू नकोस," ताईने आधीच बजावलं, "अर्ध्यांचं व्याकरण माझ्यापेक्षा बरं आहे."

रवांडाने २००८ मध्ये शाळांचं माध्यम फ्रेंचवरून इंग्रजी करायचं ठरवलं. ही पोरं तेव्हा शाळेच्या पहिल्या पायऱ्यांवर होती आणि कितीतरी शिक्षकांनाच इंग्रजी येत नव्हतं. त्यामुळे घरात किन्यारवांडा ही त्यांची भाषा, वहीत फ्रेंच-इंग्रजीची खिचडी. पुढे २००९ पासून अमेरिकेच्या मदतीने 'अकाझी कानोझे' नावाचा प्रकल्प चालला. नावाचा अर्थ 'नीट केलेलं काम'. शाळा आणि नोकरी यांच्यामधली फट बुजवायची, हा त्याचा हेतू. ताईचा वर्ग त्याच वाटेचा, फक्त एका खोलीचा.

त्या दिवशी धडा घड्याळाचा होता. मला वाटलं, एवढ्या मोठ्या मुलांना हे काय? ताईने काटे नऊवर ठेवले, तर एकाने वहीत लिहिलं तीन. चुकला नव्हता तो. तिथे तास मोजायचे ते सकाळी सहापासून, आणि तेही स्वाहिली या पूर्व आफ्रिकेतल्या भाषेच्या आकड्यांत. सात म्हणजे 'सा मोया', एक वाजला. नऊ म्हणजे 'सा तातू', तीन. मागे एक मुलगी दुपारी तीनच्या मुलाखतीला सकाळी नऊलाच जाऊन बसली होती. सहा तास!

मग लुटुपुटूची मुलाखत. "स्वतःबद्दल सांगा." एक मुलगा उठला. नाव, गाव, वडील, किती भावंडं, एवढं सांगून खाली बसला. "अरे, तुला काय काय येतं ते सांग की!" तो म्हणाला, "ते मालकाने सांगायचं. मी कसं सांगू?"

माझ्या पोटात गलबललं. मराठी माध्यमातून आलेला मी पहिल्या मुलाखतीत असाच गप्प झालो होतो. इंग्रजी अडलं, असं वर्षानुवर्षं समजत होतो. अडलं होतं दुसरंच. आपली आरती आपणच ओवाळायची सवय नव्हती.

वर्ग सुटल्यावर तो मला त्याच्या कामाच्या जागी घेऊन गेला. दुधाचं दुकान. लोक ग्लासभर दूध पितात, सोबत चपाती, आणि तिथेही ती चपातीच! दुकानाला 'इडुका' म्हणतात, पुस्तकाला 'इगिताबो'; दुकान आणि किताब अरबीतून आपल्याकडे आले तसे तिकडेही पोचलेले. त्याने इकिवुगुतो पुढे ठेवलं. दाट, आंबूस, दही आणि ताक यांच्या मधलं काहीतरी. कसं करता, विचारलं.

आणि गडी सुटला. दूध किती तापवायचं, कोमट कधी म्हणायचं, कालच्यातलं किती घालायचं (म्हणजे विरजणच की!), पावसाळ्यात रात्रभर का पुरत नाही, उरलेल्याचा हिशेब कसा ठेवायचा. सगळं इंग्रजीत, एकदाही न अडखळता.

"हेच सांग ना मुलाखतीत," मी म्हणालो.

तो हसला. "पण हे तर दुधाबद्दल आहे."